शेऱ्याचा रकाना

मुलगी मॅडिसनला असते. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या विस्कॉन्सिन राज्याची ही राजधानी. दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले, विद्यापीठाचे गाव. आम्ही दोघे तिच्याकडे गेलो ते दिवस पानगळीचे होते. शनिवारी सकाळी दूध आणायला म्हणून मी बाहेर पडलो, तर रस्त्यात लाल सदऱ्यांचा पूर लोटलेला. म्हातारेकोतारे, कडेवरची पोरे, कॉलेजातली मुले, सगळे एकाच दिशेने चाललेले. वारीत माणूस जसा आपोआप ओढला जातो तसा मीही त्यांच्याबरोबर चालत राहिलो. पुढे एक प्रचंड स्टेडियम आले. पाऊण लाखावर माणूस तिथे बसते, असे नंतर कळले. स्टेडियमच्या बाजूला लहानशी बाग, बागेच्या तोंडाशी दगडी कमान आणि कमानीच्या माथ्यावर एक गरुड. जागेचे नाव कॅम्प रँडॉल.

घरी येऊन मुलीला विचारले, "खेळाच्या मैदानाला कॅम्प का गं म्हणतात?"

"बाबा, दहा वर्षं इथं राहतेय, पण हा प्रश्न मला कधी पडला नाही."

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एखादी नोंद खटकली की ती जुळेपर्यंत चैन पडत नाही. पुढचे तीन आठवडे मी विद्यापीठाच्या आवारातल्या इतिहास संस्थेच्या ग्रंथालयात काढले. "तुम्ही अमेरिका बघायला आलात की ऑडिटला?" असे हिने विचारलेसुद्धा.

त्या मैदानावर १८६१ पूर्वी शेतीचे प्रदर्शन भरत असे. गुरांचे गोठे होते, धान्याच्या शेड होत्या. त्या वर्षी अमेरिकेत यादवी पेटली. गुलामगिरी राखण्यासाठी दक्षिणेतली राज्ये संघराज्यातून फुटून निघाली आणि १२ एप्रिलला त्यांनी फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या. तिसऱ्या दिवशी, १५ एप्रिलला, अध्यक्ष लिंकन यांनी ७५,००० स्वयंसेवक मागितले, तेही फक्त तीन महिन्यांसाठी. तीन महिन्यांत प्रकरण मिटेल असा सगळ्यांचाच अंदाज होता.

पण मागितले कुणाकडे? मला सगळ्यात नवल वाटले ते इथे. केंद्राची स्वतःची खडी फौज जेमतेम सोळा हजारांची, तीही बरीचशी पश्चिमेकडच्या ठाण्यांवर पांगलेली. गावोगाव जाऊन माणूस गोळा करील अशी यंत्रणा वॉशिंग्टनकडे नव्हतीच. तेव्हा राज्याराज्यांच्या गव्हर्नरांना तारा गेल्या. हे गव्हर्नर म्हणजे आपल्या राज्यपालांसारखे नव्हेत. लोकांनी निवडून दिलेले, आपल्या मुख्यमंत्र्यांच्या जागी असलेले. प्रत्येकाच्या नावावर एक आकडा पडला. विस्कॉन्सिनच्या वाट्याला आली एक रेजिमेंट. आपल्या जुन्या शब्दात एक पलटण.

हे राज्य तेव्हा अवघ्या तेरा वर्षांचे होते. लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास, त्यात जर्मनी, नॉर्वे, आयर्लंड इथून नुकतेच आलेले लोक पुष्कळ. गव्हर्नर होते अलेक्झांडर रँडॉल. त्यांच्यापाशी ना बंदुका, ना कापड, ना छावणी. शहरांतून हौशी शिपायांच्या काही तुकड्या होत्या, पण त्यांची मजल संचलनापर्यंत.

मग पलटण उभी कशी राहिली? तर खालून वर. एखाद्या गावातला वकील, शाळामास्तर किंवा लाकडाच्या गिरणीचा मालक पुढे व्हायचा. शाळेत नाहीतर चर्चमध्ये सभा. भाषणे, गाणी, टेबलावर एक कागद. कागदावर शंभराच्या आसपास सह्या झाल्या की ती झाली एक कंपनी. मग ते शंभर जण मतदान करून आपला कॅप्टन निवडायचे. बहुधा ज्याने कागद फिरवला तोच. गव्हर्नरला तार जायची, 'आम्ही तयार आहोत.' अशा दहा कंपन्या जुळवून गव्हर्नर एक पलटण करायचे, तिला क्रमांक द्यायचे, कर्नल नेमायचे आणि अधिकाऱ्यांच्या सनदांवर सही करायचे. छावणीत आणून खाऊपिऊ घालणे, कपडे देणे, कवायत शिकवणे हा खर्च आधी राज्याने करायचा आणि पलटण केंद्राच्या ताब्यात दिल्यावर त्याचे बिल वॉशिंग्टनला पाठवायचे. आमच्या भाषेत सांगायचे तर आधी सस्पेन्स खाते, मग रीइम्बर्समेंट. अशी बिले वेळेवर सुटत नाहीत हे मी वाचकांना सांगायला नको.

सहाव्या पलटणीच्या दहा कंपन्यांची मूळ नावे वाचताना मला आपल्याकडच्या गणेश मंडळांची आठवण झाली. सॉक परगण्याचे रायफलवाले, प्रेस्कॉटचे गार्ड, बेलॉइटचे स्टार रायफल, लेमनवेअरचे मिनिटमेन. एक कंपनी मिलवॉकीच्या आयरिश लोकांची, एक तिथल्याच जर्मनांची. छावणीत गेल्यावर ही नावे पुसली गेली आणि ए, बी, सी अशी अक्षरे आली. पण माणसे तीच. शेजारीशेजारी झोपणारे दोघे गावातही शेजारीच असायचे. भाऊ भाऊ, मामा भाचे एकाच कंपनीत. पंधरावी पलटण तर जवळजवळ सगळी नॉर्वे आणि आसपासच्या देशांतून आलेल्यांची. तिचे कर्नल हान्स ख्रिश्चन हेग पूर्वी राज्याच्या तुरुंगाचे प्रमुख होते. त्या पलटणीत ओले नावाचे शिपाई शंभरावर. हजेरी घेणाऱ्याचे काय होत असेल! आठव्या पलटणीतल्या एका कंपनीने तर अडीच डॉलरला विकत घेतलेला एक गरुड सोबत नेला. ओल्ड एब हे त्याचे नाव. तीन वर्षे लढायांतून फिरून तो धडधाकट परत आला आणि पुढे राजधानीच्या इमारतीत राहिला. कमानीवर बसला आहे तो हाच.

उत्साह खूप, अनुभव शून्य. राज्याने पहिल्या पलटणींना करड्या रंगाचे गणवेश शिवून दिले, कारण मिळाले ते कापड करडे होते. दक्षिणेच्या कित्येक पलटणींचाही रंग करडाच. २१ जुलै १८६१ च्या बुल रनच्या लढाईत दुसऱ्या विस्कॉन्सिन पलटणीवर समोरून शत्रूच्या आणि मागून आपल्याच लोकांच्या गोळ्या आल्या. त्याच उन्हाळ्यात उत्तरेतल्या गावोगावच्या बायकांनी शिपायांसाठी हजारोंनी 'हॅवलॉक' शिवले. टोपीला मागून लावायचा, मान झाकणारा पांढरा कपडा. नाव वाचून मी थबकलो. हा हॅवलॉक म्हणजे १८५७ मध्ये कानपूर-लखनौवर चाल करून आलेला तोच इंग्रज सेनापती. आपल्या उन्हात गोऱ्या शिपायांच्या माना भाजू नयेत म्हणून निघालेली ही युक्ती चार वर्षांत विस्कॉन्सिनच्या शिवणटिपणीच्या मंडळात पोचली होती. शिपायांनी त्या कपड्याने कॉफी गाळली, असे सांगतात.

आता पैशाचे. इथे मात्र माझ्या अंगात जुना अधिकारी संचारला आणि एक पूर्ण दिवस मी दुसरे काही वाचले नाही.

त्या काळी अमेरिकेत केंद्राची कागदी नोट नव्हती. राज्यातल्या बँका आपापल्या नोटा छापायच्या. तारण म्हणून राज्याच्या बँक नियंत्रकाकडे सरकारी रोखे ठेवायचे. व्याज चांगले म्हणून विस्कॉन्सिनच्या बँकांनी तारणाला ठेवलेले रोखे कुठले, तर मोठा भाग दक्षिणेकडच्या राज्यांचा : मिसूरी, व्हर्जिनिया, टेनेसी. ज्यांच्याशी लढायला राज्य माणसे पाठवत होते त्यांच्याच कर्जावर राज्याचे चलन उभे! राज्ये फुटली, रोखे कोसळले आणि एकेका बँकेची नोट बाजारात कुणी घेईना. जून १८६१ मध्ये मिलवॉकीच्या बँकवाल्यांनी आणखी दहा बँकांच्या नोटा घ्यायच्या नाहीत असे ठरवले, पण ते जाहीर झाले कामगारांचा शनिवारचा पगार त्याच नोटांत वाटून झाल्यावर. सोमवारी, २४ जूनला, जमाव चालून गेला. बँकेच्या खिडक्या फुटल्या, टेबलखुर्च्या रस्त्यात आणून जाळल्या. मी काउंटरच्या आतल्या बाजूला आयुष्य काढले आहे, पण सांगतो, त्या सोमवारी माझी सहानुभूती रस्त्यावरच्या माणसांकडे गेली.

या आगीतून निघालेला तोडगा मात्र हुशारीचा होता. लढाईसाठी राज्याला कर्ज हवे होते. विधिमंडळाने दहा लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिलेली होती, पण नवख्या राज्याचे रोखे न्यूयॉर्कच्या बाजारात चांगल्या भावाने खपेनात. मग राज्यातल्या बँकांनीच ते घेतले आणि दक्षिणेच्या रोख्यांच्या जागी तारण म्हणून ठेवले. पलटणींचा खर्च निघाला आणि नोटाही सावरल्या. शिपायांच्या बायकामुलांना दरमहा पाच डॉलर देण्याचा कायदाही राज्याने याच सुमाराला केला. शिपायाचा पगार दरमहा तेरा डॉलर आणि तोही महिनोन्महिने रखडणारा. त्या काळात हे पाच डॉलर म्हणजे घरातली चूल.

याच लढाईने इकडे आपल्या वऱ्हाडात आणि मुंबईत काय केले, हे निराळे सांगायला नको. दक्षिणेचा कापूस इंग्लंडला जाणे थांबले, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत रोज नवी कंपनी निघू लागली आणि १८६५ मध्ये तिकडे लढाई संपताच इकडे सगळे कोसळले. नोकरीच्या सुरुवातीला मी वऱ्हाडात होतो. जुन्या जिनिंग फॅक्टऱ्यांच्या भिंतींकडे बघताना त्यांचा मॅडिसनच्या गोठ्यांशी काही संबंध असेल, हे स्वप्नातही आले नव्हते.

१८६२ च्या जानेवारीत रँडॉल जाऊन लुई हार्वे गव्हर्नर झाले. लढाई तीन महिन्यांत मिटलेली नव्हती. नव्या पलटणी निघत होत्या. अठरावी पलटण मिलवॉकीला तयार झाली आणि ३० मार्चला निघाली. ५ एप्रिलला टेनेसी नदीकाठी शायलोच्या तळावर पोचली. ६ एप्रिलला पहाटे दक्षिणेचा हल्ला झाला. आठवड्यापूर्वी घरी असलेली माणसे ती. नीट कवायत झालेली नव्हती. कर्नल जेम्स आल्बन तिथे पडले, पलटणीची दाणादाण झाली, पुष्कळ जण कैद झाले. जखमींना औषधपाणी पोचवण्यासाठी गव्हर्नर हार्वे स्वतः बोटीने तिकडे गेले. दवाखान्यांतून हिंडले. १९ एप्रिलच्या रात्री, परतताना, एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर पाऊल टाकताना घसरले आणि नदीत बुडाले. गव्हर्नर होऊन चार महिनेही झाले नव्हते.

त्यांची पत्नी कॉर्डेलिया पूर्वीच्या शिक्षिका. नवऱ्याच्या मागे त्या घरात बसल्या नाहीत. राज्याच्या प्रतिनिधी म्हणून दक्षिणेतल्या लष्करी दवाखान्यांतून फिरल्या. दमट हवेत, तापाने, जुलाबाने माणसे मरताना पाहिली आणि १८६३ मध्ये थेट लिंकनसमोर जाऊन उभ्या राहिल्या : आमच्या आजाऱ्यांना उत्तरेच्या कोरड्या हवेत घरी आणा. आजारी शिपाई घराजवळ आला की पळून जातो, हे लष्करखात्याचे म्हणणे. बाई हटल्या नाहीत. मॅडिसनला दवाखाना निघाला, त्याला त्यांच्या पतीचे नाव दिले गेले आणि लढाई संपल्यावर त्याच इमारतीत शिपायांच्या पोरक्या मुलांचे वसतिगृह उघडले. त्याच्या मागेही बाईच होत्या.

हार्वेंच्या जागी आले एडवर्ड सॉलोमन, प्रशियात जन्मलेले तेहेतीस वर्षांचे वकील. आणि आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती सांगतो.

लढाईत पलटण झिजते. हजाराची सहाशे होते, मग तीनशे. केंद्राकडून माणसांची नवी मागणी आली की गव्हर्नरपुढे दोन वाटा असत. नवीन माणसे जुन्या पलटणीत घालायची, किंवा त्यांची नवी पलटण करायची. नवी पलटण म्हणजे नवा कर्नल, नवा मेजर, दहा नवे कॅप्टन, वीस लेफ्टनंट. म्हणजे तितक्या सनदा, तितके उपकृत पुढारी आणि पुढच्या निवडणुकीतली तितकी माणसे. नवी पलटण वाजतगाजत निघते, वर्तमानपत्रात छापून येते. जुन्या पलटणीत चाळीस माणसे घातली, तर स्टेशनवर बँडसुद्धा वाजत नाही. तेव्हा बहुतेक राज्यांनी कोणती वाट धरली असेल, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. विस्कॉन्सिननेही नव्या पलटणी पुष्कळ काढल्या. पायदळाचा क्रमांक शेवटी ५३ पर्यंत गेला. पण जुन्या पलटणींत नवी माणसे घालणे या राज्याने सोडले नाही. जनरल शर्मन यांनी पुढे आपल्या आठवणींत याबद्दल विस्कॉन्सिनचे नाव घेऊन लिहिले आहे : त्या राज्याची एक पलटण आम्ही साधारण एका ब्रिगेडच्या बरोबरीची धरत असू. ब्रिगेडमध्ये चार-पाच पलटणी असतात.

हे वाचले आणि ग्रंथालयात मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. मला माझी दुसरी नेमणूक आठवली. १९८० च्या दशकात ग्रामीण शाखा उघडण्याचा धडाका होता. ३१ मार्चच्या आत इतक्या शाखा, असे लक्ष्य वरून यायचे. मी कच्चा अधिकारी, सोबत नुकतेच लागलेले दोन कारकून आणि एक शिपाई. फीत कापली, फोटो निघाला, पाहुणे गेले. संध्याकाळी कॅश जुळेना. विचारायचे कुणाला? चौघांपैकी कुणीच कधी शाखा चालवलेली नव्हती. त्या वर्षात आम्ही जी चुकीची कर्जे दिली त्यांतल्या दोन घरांची जमीन गेली. हे मी कधी लिहिले नव्हते. त्याआधीची माझी पहिली शाखा जुनी होती. तिथे एक हेड कॅशियर होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. नोट अंगठ्याखालून कशी सोडायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे कधी बघायचे, हे त्यांनी न बोलता शिकवले. जुन्या पलटणीत गेलेल्या पोराला असाच कुणीतरी भेटत असणार. पाणी कुठले प्यायचे, पाय कसे कोरडे ठेवायचे, गोळी सुटली की कधी झोपायचे. अठराव्या पलटणीला शायलोच्या सकाळी असा काका नव्हता.

स्वखुशीचा ओघ पुढे आटला. १८६२ च्या शरदात सक्तीची चिठ्ठी निघू लागली. १० नोव्हेंबरला पोर्ट वॉशिंग्टन गावी जमावाने चिठ्ठ्या काढणाऱ्या आयुक्तांना कोर्टाच्या पायऱ्यांवरून खाली फेकले आणि नावांच्या याद्यांचा नाश केला. बहुतेक शेतकरी, युरोपातली सक्तीची लष्करी नोकरी चुकवून इकडे आलेले. शंभराहून अधिक जणांना धरून कॅम्प रँडॉललाच आणून ठेवले. पुढच्या वर्षीच्या केंद्राच्या कायद्यात तर ३०० डॉलर भरले की सुटका. शिपायाचा जवळजवळ दोन वर्षांचा पगार तो. ज्याच्याकडे होता त्याने भरला. आपल्या गावावरचा आकडा भरून निघावा म्हणून गावे बाहेरच्या माणसाला रोख बक्षीस देऊन आपल्या खात्यावर जमा करू लागली. एका पोरावर दोन गावांनी हक्क सांगायचा, असेही व्हायचे. चार वर्षांपूर्वी शाळेतल्या टेबलावरच्या कागदापासून निघालेली गोष्ट अशी जमाखर्चापाशी आली.

चार वर्षांत या राज्याच्या नावावर सुमारे ९१,००० माणसे लागली. म्हणजे दर आठ-नऊ माणसांमागे एक. त्यांतले सत्तर हजार या मैदानावरून गेले. बारा हजारांहून अधिक परत आले नाहीत आणि त्यांतले बहुतेक गोळीने नव्हे तर आजाराने गेले. करड्या गणवेशाची ती दुसरी पलटण पुढे सहाव्या, सातव्या पलटणींसह 'आयर्न ब्रिगेड'मध्ये होती. तिच्या १,२०३ माणसांपैकी २३८ लढाईत पडले. इतके मोठे प्रमाण उत्तरेच्या दुसऱ्या कुठल्याही पलटणीचे नाही. साताऱ्याकडे अपशिंगे गावाला 'मिलिटरी' हे नाव का लागले ते आपल्याला ठाऊक आहे. इथे एक कंपनी म्हणजे एक गाव. दुपारी अर्ध्या तासात कंपनी कापली गेली की आठवड्याने एकाच गल्लीतल्या किती दारांवर तार येत असेल?

राज्याने १८८६ मध्ये या सगळ्यांची यादी दोन जाड खंडांत छापली. पलटणवार, कंपनीवार. चार रकाने : नाव, गाव, भरतीची तारीख, शेरा. मी रोज त्यातली दहा-वीस पाने वाचायचो. पहिले तीन रकाने भराभर सरकतात. चौथ्यापाशी बोट थांबते. 'मारला गेला.' 'आजाराने मृत्यू.' 'जखमी.' 'मुदत संपून घरी.' आयुष्यभर मीही लेजरमध्ये असेच शेरे लिहिले. खाते बंद. वारसास अदा.

निघायच्या आदल्या शनिवारी मुलगी मला फॉरेस्ट हिलच्या दफनभूमीत घेऊन गेली. तिथे एका कोपऱ्यात दक्षिणेच्या १४० शिपायांच्या कबरी आहेत. १८६२ च्या एप्रिलमध्ये मिसिसिपी नदीतल्या एका बेटावर हजारावर माणसे कैद झाली आणि कॅम्प रँडॉलला आणली गेली. आधीच आजारी, त्यात उत्तरेचा गारठा. काही आठवड्यांत इतके मेले. बरेचसे अलाबामाच्या पहिल्या पलटणीचे. तीही एका राज्याने, त्याच वर्षी, तशीच गावागावांतून उभी केलेली. पुढे लुइझियानातून इथे येऊन राहिलेल्या ॲलिस वॉटरमन नावाच्या विधवा बाईंनी या कबरींची निगा राखली. त्या त्यांना 'माझी मुले' म्हणत. १८९७ मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांनाही त्याच ओळींच्या शेजारी जागा मिळाली.

मुलगी दगडांवरची नावे वाचत पुढे गेली होती. तेवढ्यात झाडांच्या पलीकडून, स्टेडियमच्या दिशेने, मोठा गलका उठला.

"गोल झाला वाटतं," मी म्हणालो.

"गोल नाही हो बाबा, टचडाऊन," ती म्हणाली आणि पुढच्या दगडापाशी वाकली.